ठोकळ्यांच्या झाडाची सावली

बोरखेडीच्या बुधवारच्या बाजारात वेळ विचारायची पद्धत नाही. पानवाली कुठं बसली आहे ते बघायचं. सरजाबाईची करंडी कडुनिंबाच्या मारुतीकडच्या अंगाला असली तर अकरा वाजायचे आहेत. बुंध्याला चिकटलेली असली तर बारा-साडेबारा. आणि शाळेकडच्या अंगाला गेली की समजावं, नांदेडहून येणारी दुपारची एस.टी. येऊन गेली, आता खरा बाजार भरणार.

हे सगळं सावलीमुळं. मारुती पश्चिमेला, शाळा पूर्वेला आणि मधोमध झाड. सकाळी सावली मारुतीकडं पडते, दुपारून शाळेकडं, आणि माल तिच्या मागं मागं सरकतो. गावात त्याला फेरा म्हणतात. फेऱ्यात कोण, हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, तरी चुकत नाही. विड्याची पानं, पालेभाजी, फुलं, दही, म्हणजे उन्हानं ज्याचा जीव जातो तो माल आत. मडकी, दोरखंड, बांगड्या, वाळली मिरची बाहेर. आतले लोक अकराला एकदा उठतात आणि एकला एकदा, उठताना भांडतात, आणि भांडून झालं की ज्याच्या त्याच्या जागेवरच बसतात. सरजाबाई या फेऱ्यात सव्वीस वर्षं होती. तिच्या आधी तिची सासू होती. सासूनं तिला दोनच गोष्टी दिल्या, करंडी आणि झाडाखालची जागा; ऐकवलं मात्र पाच-पन्नास दिल्यासारखं.

यंदा जानेवारीत ग्रामपंचायतीला सुधारणा सुचली. झाडाभोवती गोल बारा सिमेंटचे ओटे बांधायचे, त्यावर नंबर घालायचे, ज्याचा नंबर त्याचा ओटा, कायमचा. फेऱ्यातल्या-बाहेरच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. सरजाबाईला चार नंबर लागला: मारुतीचं अंग. म्हणजे अकरापर्यंत गार सावली आणि बाजारात चिटपाखरू नाही; एकनंतर रानातल्या बाया सुटणार, एस.टी. येणार, लग्नाघरची माणसं शंभर-शंभर पानं मागत येणार, तेव्हा तिच्या करंडीवर थेट ऊन. पान हा माल असा, की उन्हात घटकाभर ठेवला तर त्याचा पापड होतो. ओल्या फडक्यानं किती झाकणार? झाकलेलं पान गिऱ्हाईक उचलत नाही, आणि उघडलेलं टिकत नाही.

ती सरपंचाकडं गेली. सरपंच श्रीमंतराव अंगणात उन्हाला पाठ देऊन, मफलर गुंडाळून बसले होते.

“चार नंबर मला परवडत न्हाई,” ती म्हणाली. “दुपारून तिथं ऊन असतंय.”

“ऊन?” श्रीमंतरावांनी मफलर आणखी एक वेढा आवळला. “बस की जरा उन्हात. चांगलं असतंय हाडाला.”

थंडीत सावलीची गोष्ट काढणाऱ्या बाईकडं गाव जसं बघतं तसं त्यांनी बघितलं, आणि मग समजूत काढली. “आगं माय, बाराच्या बारा ओटे सावलीत हायत. आरतीनं गेममधी करून ठेवलंय सगळं. मी सोता बघितलंय. जाऊन बघ तू बी.”

आरती म्हणजे गिरणीवाल्यांची थोरली. लातूरला इंजिनीयरिंगचा डिप्लोमा केलेली, आणि आठवड्यातून तीन दिवस तिथल्याच एका इंजिनीयरच्या ऑफिसात जाणारी. ओट्यांचा नकाशा आधी तिनं कागदावर काढला होता. तो पंचायतीत लावला, तेव्हा लोकांनी त्यात आपापलं घर शोधलं, सापडलं की खूश झाले आणि चहा पिऊन गेले. ओटे कुणी बघितलेच नाहीत. म्हणून तिनं तो बाजार आपल्या लॅपटॉपवर, ठोकळ्यांच्या गेममध्ये उभा केला. शाळेत असल्यापासून ती तो गेम खेळायची. त्यात जमीन ठोकळ्यांची, दगड ठोकळ्यांचे, गाय ठोकळ्यांची, आणि माणूस म्हणून आपण त्यात चालत फिरायचं. मारुतीपासून शाळेपर्यंत चालून बघितल्यावर गावाला एकदम सगळं कळलं. निदान गावाला तसं वाटलं.

सरजाबाई गिरणीवर आली, चपला उंबऱ्यापाशी काढल्या आणि पडद्यासमोर बसली. मारुती ओळखू आला. शाळा ओळखू आली. झाड काही ओळखू येईना.

“हे काय हाय मधी? जळणाचा ढीग?”

“झाड आहे मावशी. कडुनिंब यात मिळत नाही, म्हणून त्यातल्या त्यात पसरट लावलंय. चार रोपं चौकोनात चिकटून लावली, तरच हे येतं. एक लावलं तर जन्मात येत नाही, तीन लावली तरी नाही.”

“चार रोपांचं एक झाड?”

“हो.”

“आमच्याकडं एका रोपाची चार भावंडं भांडतेत.” सरजाबाईनं पदर सावरला. “बरं. आता दुपार कर.”

या गेममध्ये दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांत उरकतात. सूर्य चौकोनी, तरी बिचारा नेमानं शाळेच्या बाजूनं उगवला आणि मारुतीकडं चालू लागला. सरजाबाई झाडाखालची काळी सावली बघत होती. सूर्य डोक्यावर आला. सूर्य कलला. सूर्य मारुतीच्या कळसाला टेकला. सावली होती तिथंच, झाडाच्या बरोब्बर खाली, पाय रोवल्यासारखी.

“सावली हलंना की ग.”

आरतीनं ओठ चावला. “हलत नाही मावशी. यात उजेड सरळ वरून खाली येतो. सूर्य कुठंही असू दे. झाडाखालचे बाराही ओटे दिवसभर सावलीतच राहतात.”

“मंग सूर्य कशाला फिरवायलेत?”

आरतीनं लॅपटॉप स्वतःकडं वळवला आणि सूर्य पुन्हा पहिल्यापासून बघितला.

“पोरी, ह्या खोट्या सावलीवर खरे ओटे बांधणार व्हय तुम्ही?”

आरती वाईट मुलगी नव्हती. उलट तिच्यात एक खोड होती, जी चांगल्या माणसांत असते आणि त्यांना फार त्रास देते: चूक दिसली की तिला ती सोडवत नसे. तिनं मोबाइलवर खऱ्या झाडाचे फोटो काढून दाखवते म्हटलं. सरजाबाईच म्हणाली, की फोटो बघून गाव पुन्हा आपापली घरं शोधील. गावाचा विश्वास आता गेमवर बसला होता. जे काय सांगायचं ते गेममध्येच सांगायला हवं होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, झेंडावंदनानंतर, शाळेच्या मोठ्या टीव्हीवर बाजार दाखवून ओटे मंजूर करायचे होते. मधे बारा दिवस उरले होते.

सरजाबाई घरी गेली, दुसऱ्या दिवशी परत आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, “सावली हलत न्हाई ना? मंग झाड हलव.”

“म्हणजे?”

“बाजार तीनदा कर. एकाशेजारी एक. पहिल्यात झाड मारुतीकडं सरकवून लाव, म्हणजे सावली माझ्या ओट्यावर पडंल. ती झाली सकाळ. मधल्यात झाड मधी, ती भरदुपार. तिसऱ्यात शाळेकडं, ती दुपारनंतरची. मंग बगू दे गावाला कोण कवा उन्हात येतंय ते.”

आरतीनं वहीवर तीन चौकोन काढून बघितले. तिनं आजवर पाहिलेल्या कुठल्याच इंजिनीयरला हे सुचलं नसतं, आणि तिला स्वतःला सुचलं नाही याचाही तिला थोडा राग आला. ओटे, मारुती, शाळा दोन दिवसांत दोनदा उभी राहिली. अडलं ते झाडापाशी.

अडायचं कारण नव्हतं. त्या गेममध्ये एक प्रकार असा आहे, की त्यात हवं ते फुकट आणि हवं तितकं मिळतं. पण आरतीचं हे जग दहावीपासूनचं होतं, त्यातला दगड न् दगड तिनं खणून काढलेला होता, आणि फुकटचा प्रकार एकदा वापरला की तो गेम गेम राहत नाही असं तिचं मत होतं. सरजाबाईला हे लगेच पटलं. कालची पानं आजच्या शेकड्यात मिसळणारे तिनं पाहिले होते.

म्हणजे रोपं मिळवणं आलं. रोपं मिळतात झाडाच्या पाल्यातून. आरतीनं कडेच्या रानातल्या एका झाडाच्या बुडातले ठोकळे फोडले.

“आगं सरक! पडंल अंगावर!”

झाड पडलं नाही. बूड गेलं तरी वरचं खोड, फांद्या, पाला हवेत तसाच उभा राहिला. सरजाबाईनं चष्मा काढून पुसला, परत लावला. झाड अजूनही हवेतच होतं.

“ह्याला लाज न्हाई का?”

“खोड सगळं काढावं लागतं. मग पाला आपोआप गळतो.”

खोड सगळं काढलं. पाला एक एक ठोकळा करत नाहीसा होऊ लागला, आणि त्यातून मधूनच एखादं रोप टपकन खाली पडायचं. दोघी बघत बसल्या. एक पडलं. बऱ्याच वेळानं दुसरं. मग तिसरं. मग सगळा पाला संपला.

“तीन,” आरती म्हणाली.

“तीनावर न्हाई येत?”

“नाही.”

दुसरं झाड तोडलं, दोन रोपं आली. पाच झाली; पाहिजेत आठ. तिसऱ्या झाडानं एकही दिलं नाही. सरजाबाईनं त्या झाडाचा उद्धार केला, त्याच्या आईबापाचा केला, आणि चौथ्या झाडाला आधीच दम भरला. त्यानं चार दिली. नऊ झाली. जादाचं एक आरतीनं पेटीत ठेवलं.

दोन बाजारांत चार-चार रोपं चौकोनात लावली. आता वाढायला खत म्हणून हाडांची पूड लागते. आरतीकडं जुनी चौदा चिमूट शिल्लक होती. पहिल्या चिमटीत रोपांवर हिरवे ठिपके चमकले आणि विझले. दुसऱ्या चिमटीत तसंच. “लागू पडलं तर पडतं,” आरती म्हणाली. तिसऱ्या चिमटीत सकाळच्या बाजारात एकदम झाड उभं राहिलं. मधली अवस्था काही नाही: आत्ता घोट्याएवढं रोप, आत्ता घराएवढं झाड. पण त्याचा विस्तार मारुतीकडं कमी आणि उलट्या बाजूला जास्त झाला. चार नंबरचा ओटा अर्धा उन्हात.

“दरवेळी वेगळं येतं मावशी. आपल्या हातात नसतं.”

“माझ्या सुनंचंबी तसंच हाय,” सरजाबाई म्हणाली. “उपट.”

उपटलं. त्याच्या पाल्यातून पाच रोपं मिळाली, पुन्हा लावली, पुन्हा झाड आलं, पुन्हा वाकडं, पुन्हा उपटलं. चौदाच्या चौदा चिमट्या गेल्या. हाती राहिली दोन बाजारांत चार-चार रोपं, ढिम्म, आणि सभेला सहा दिवस.

“आता आपापली वाढतील,” आरती म्हणाली. “पण एक आहे. मी त्यांच्या जवळ उभी असले तरच वाढतात. लांब गेले किंवा लॅपटॉप बंद केला, की तिथला काळच थांबतो. आणि मला उद्या लातूरला जायचंय.”

सरजाबाईला हा हिशोब पहिल्यांदा काही केल्या बसेना. खरं रोप लावलं की माणसानं पाठ फिरवली तरी ते आपलं वाढतं, नाहीतर शेळी खाते. दोन्हीत माणसाची गरज नाही. इथं मात्र सोबत पाहिजे. लहान लेकरासारखं.

“मी बसते,” ती म्हणाली.

मंगळवार तिचा पानं निवडायचा दिवस. तिनं करंडी उचलून गिरणीवर आणली. आरतीनं दोन्ही चौकोनांना पुरेल अशा मधल्या जागी आपला माणूस उभा केला, त्याच्या भोवती दगडाचं कुंपण घातलं, एक बटण दाखवलं आणि “पडदा काळा व्हायला लागला की हे दाबायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही” असं सांगून सकाळची एस.टी. गाठली. सरजाबाई लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली. पानं निवडली: चांगली एकीकडं, डागाळलेली दुसरीकडं. मधूनच बटण. पडद्यावर सूर्य उगवायचा, मावळायचा. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बाया डोकावून जायच्या.

“काय करायलीस ग सरजा?”

“झाडं राखायलेय.”

त्या एकमेकींकडं बघायच्या. पिठाच्या गिरणीत बसून टीव्हीतली झाडं राखणारी बाई, हा विषय त्यांना चुलीपर्यंत पुरला असणार.

आठ दिवस उगवून मावळले. म्हणजे गेममधले, बाहेर सकाळचे अकरा वाजत आले होते. सरजाबाई एका पानाचा डाग नखानं पारखत होती. मान वर केली तर सकाळच्या बाजारात झाड! केव्हा आलं, कसं आलं, देव जाणे. आणि विस्तार कसा, तर चार नंबरच्या ओट्यावर छत्री धरल्यासारखा. तिनं पडद्यालाच दोन्ही हात जोडले. मग तिसऱ्या बाजाराकडं टक लावली. आता डोळ्यांदेखत आलं पाहिजे. बारा दिवस मावळले. पंधरा मावळले. पानं निवडायची राहिली. रोपं ढिम्म.

सोळाव्या दिवशी तिनं आरतीला फोन लावला. “दुसरं येईना की ग माय.”

“वर काही आहे का बघा बरं. वर मोकळं लागतं.”

सरजाबाईनं मान वाकडी करून बघितलं, जणू तिनं मान वाकडी केल्यावर पडद्यात आणखी वरचं दिसणार होतं. “शाळेचा पत्रा आलाय वरून. व्हरांड्याचा.”

“माझंच चुकलं,” आरती म्हणाली. “पत्रा दोन ठोकळे जास्त पुढं आलाय. त्याच्याखाली ते कधीच येणार नव्हतं.”

“म्हंजी मी सकाळपासून…”

“हो.”

सरजाबाईनं फोन ठेवला आणि पानांकडं बघितलं. अर्धी करंडी न निवडलेली, आणि उद्या बाजार. खऱ्या शाळेचा पत्रा तेवढा पुढं नाही, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. आरतीनं संध्याकाळी येऊन पत्रा मागं घेतला, आणि गुरुवारी, ती चहा आणायला आत गेली असताना, तेही झाड आलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, लेकरांना जिलेबी वाटली, आणि सभा शाळेच्या वर्गात भरली. जागा थोडी, थंडी फार. जे आत मावले नाहीत ते बाहेर उन्हात सुखानं बसले. आरतीनं टीव्ही लावला. तिन्ही बाजार शेजारी शेजारी, तिन्हींत भरगच्च हिरवं झाड. वर्गातून “वा!” असा आवाज उठला, आणि सरजाबाईनं मान वळवून मागं बघितलं. इतक्या लौकर वा म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“हे सकाळचं आहे,” आरती सांगू लागली. “सावली मारुतीकडं. हे दुपारचं…”

“एक मिन्ट, एक मिन्ट.” श्रीमंतराव उठून टीव्हीजवळ गेले. “आधी एकच झाड होतं ना ग? आता तीन केलीस?”

“नाही काका, झाड एकच आहे. ते तीन वेळा दाखवलंय.”

“लई झकास. मारुतीकडं एक, मधी एक, शाळेकडं एक. मी म्हणलोच होतो, पोरीला डोकं हाय.” त्यांनी वळून ग्रामसेवकाकडं बघितलं. “हरिओम भाऊसाहेब, झाडं लावायचं कायतरी आलतं ना वरून?”

“आलंय की साहेब. दोन महिने झाले, आपल्याकडून काही गेलं नाही,” भाऊसाहेब म्हणाले, आणि पेनचं टोपण काढलं.

सरजाबाई उभी राहिली. “सरपंच, ही तीन झाडं न्हाईत! एकच झाड हाय!”

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “मावशे, आम्हाला तीनपस्तोर मोजता येतंय.”

“आरं, सावली फिरती ती दावलीय! दुपारून चार नंबर उन्हात येतोय, पाच येतोय, सहा येतोय! नागम्मा, तू तरी बोल की!”

नागम्मा पालेभाजीवाली, धर्माबादकडची, तेलुगू मुलखातून इकडं दिलेली. ती फेऱ्यात सरजाबाईच्या शेजारीच असायची. तिनं टीव्हीकडं नीट बघितलं. “अक्का, ऊन येते ते खरं,” ती म्हणाली, “पन तीन झाडं लावले तर चांगलंच हाय की.”

“आणि आता तर ऊन नको म्हणायचं कारणच उरलं न्हाई,” श्रीमंतराव म्हणाले. “तुझ्या चार नंबरलाच लावतो एक झाड, सरजाबाई. खास. मंग तर झालं?”

टाळ्या वाजल्या. भाऊसाहेबांनी लिहिलं: बारा ओटे आराखड्याप्रमाणे मंजूर, तसेच आराखड्यात दर्शविल्यानुसार दोन कडुनिंब वृक्षांची लागवड सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते या शब्दाखाली त्यांनी सरजाबाईचाही अंगठा घेतला, कारण ती हजर होती. सही येते म्हणून ती सही करायला निघाली होती, पण शाईचं पॅड आधीच पुढं आलेलं होतं.

“मावशी, वर नावं लिहायला पाहिजे होती,” आरती बाहेर आल्यावर म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “सकाळ, दुपार, संध्याकाळ.”

“लिहिली असती तर झाडांची नावं म्हणून वाचली असती,” सरजाबाई म्हणाली. “चल, जिलेबी संपंल.”

पंचायतीची कामं मार्चअखेरीला ज्या वेगानं होतात त्या वेगानं ओटे झाले. नंबर पिवळ्या रंगात पडले. ठरल्याप्रमाणे मारुतीकडं एक आणि शाळेकडं एक अशी दोन कडुनिंबाची रोपं लागली, भोवती लोखंडी जाळी, फोटो झाले. मारुतीकडचं रोप आठवड्यात शेळीनं जाळीतून तोंड घालून खाल्लं. शाळेकडचं जगलं, वीतभर होतं, आणि भाऊसाहेबांनी कळवलेल्या यादीत ते वृक्ष होतं. सरजाबाई येता-जाता त्याच्याकडं बघायची. याच्याजवळ किती वर्षं उभं राहावं लागेल, हे तिनं आरतीला विचारलं नाही.

एप्रिलचा पहिला बुधवार. ऊन असं, की सिमेंटचा ओटा चटके देत होता. अकरा वाजता सावली चार नंबरवरून निघाली आणि सरजाबाई सवयीनं उठली. तिनं करंडी उचलून पुढच्या ओट्यावर ठेवली. तिथली फुलवाली उठून सहावर गेली, सहाची नागम्मा पुढं सरकली. भाऊसाहेब यादी घेऊन हिंडत होते. ते थांबले.

“मावशी, तुमचा नंबर कुठाय?”

“नंबर तिथंच हाय की. मी हितं हाय.”

भाऊसाहेबांनी यादी बघितली, आकाशाकडं बघितलं, घाम पुसला आणि रसवंतीकडं गेले. एक वाजला. सरजाबाई शाळेकडच्या अंगाला आली, नऊ नंबरच्या ओट्यापाशी, सव्वीस वर्षांच्या आपल्या दुपारच्या जागी. आणि फेरा तिथं अडला. नऊ नंबरवर गुरुलिंगअप्पा बसला होता. मिरचीचं पोतं उघडून, पाय पसरून, टोपी उशाला.

“अप्पा, उठ.”

“का म्हून?”

“माझी जागा हाय.”

अप्पानं बोटानं खालचा पिवळा नऊ दाखवला. “वाचता येतंय का?”

“तुझा माल मिरची. मिरचीला ऊन लागतंय. तू फेऱ्यात कवा होतास रं?”

“तेच म्हणतो मी,” अप्पा उठून बसला. “सव्वीस वर्षं तुमच्या समोर उन्हात बसलो. मिरचीला ऊन लागतंय म्हणून. मिरचीला लागतंय, सरजा. मला लागत होतं का? एकदा तरी म्हणलीस का, अप्पा, जरा येऊन टेक?”

ते खरं होतं. फेऱ्यात मालाचा हिशोब होता, माणसाचा कुणी केलेला नव्हता. पण करंडी डोक्यावर होती, पानं कडेनं वाळू लागली होती, आणि लग्नाघरची दोन माणसं रस्त्यानं येताना दिसत होती. ती ओट्याच्या कडेला उन्हात बसली. चिडून बसली. अप्पावर, सरपंचावर, त्या चौकोनी सूर्यावर. तेवढ्यात एक बाई मिरचीच्या पोत्याशी वाकली, मूठभर उचलली आणि नाक मुरडलं. सरजाबाईनं ते बघितलं. मिरची तशी फक्कड होती, यंदाची. पण सावलीत लाल रंग काळपट दिसतो, हे साडीवाल्यालाही कळतं.

“अप्पा,” ती मोठ्यांदा म्हणाली, बाजाराला ऐकू जाईल इतक्या, “मिरची गेल्या सालची आणलास का रं? काळी दिसायली.”

बाई मूठ खाली टाकून पुढं गेली.

“तोंड सांभाळ, सरजा!”

“मी काय म्हणलं? दिसायली ते म्हणलं.”

बघता बघता चार गिऱ्हाइकं पोत्याशी वाकली आणि चारही उठली. चौथ्यानं तर “अंधारात ठेवलीय म्हंजी कायतरी असंल” असं शेजाऱ्याला सांगितलं. पाचवं दिसताच अप्पानं शिवी हासडली, पोत्याचे कान धरले आणि ते फरफटत दहा पावलं पुढं, भर उन्हात नेऊन उघडलं. मिरची अशी पेटली, की रस्त्यावरून दिसावी. पण अप्पा स्वतः परत आला आणि ओट्याच्या अर्ध्या भागात ठाण मांडून बसला.

“माल तिथं,” तो म्हणाला, “मी हितं.”

सरजाबाईनं उरलेल्या अर्ध्या ओट्यावर करंडी ठेवली, ओलं फडकं उलगडलं. लग्नाघरच्या माणसांनी दोनशे पानं घेतली. अप्पा तिथूनच “मिरचीऽ” असं ओरडत होता, गिऱ्हाईक आलं की उन्हात पळत होता, आणि परत येऊन बसताना दरवेळी न विचारता तिच्या करंडीतलं एक पान उचलून तोंडात टाकत होता. चांगल्यातलं.

चारपर्यंत त्याची सात झाली.

“आठवं उचललंस तर हात मोडीन,” सरजाबाई म्हणाली.

“चुना कुठाय?” अप्पा म्हणाला.